पिवळ्या पानाची साक्ष : कोकोपीटमधील कॅनाबिस पिकाच्या पोषणदोष-निदानाचा इतिहास

प्रस्तावना

पिकाच्या पानावर उमटणारा रंग हा शेतकऱ्याच्या हाती असलेला सर्वांत जुना पुरावा होय. महाराष्ट्रात चुनखडीच्या जमिनीतील उसाची कोवळी पाने लोहाअभावी पिवळी-पांढरी पडली की त्यास ‘केवडा’ म्हणतात. बाजरी व मक्यावरील बुरशीसदृश रोगजनकामुळे होणाऱ्या रोगासही ‘केवडा’ हेच नाव आहे. कारणे भिन्न, उपायही भिन्न. नाव मात्र एकच. लोकभाषेने पानाच्या दिसण्याला नाव दिले. त्या दिसण्यामागील कारण शोधण्याचे काम वनस्पती-पोषणशास्त्राला गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे करावे लागले आहे.

या प्रयत्नाचे अलीकडील व बोधप्रद उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेत बंदिस्त जागेत, कृत्रिम प्रकाशात व कोकोपीटमध्ये, म्हणजेच नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढविले जाणारे कॅनाबिस (गांजा) हे पीक होय. प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) पानावरील लक्षणांवरून पोषणदोष ओळखण्याच्या पद्धतीचा विकास पाहणे.
२) कोकोपीट या माध्यमामुळे निदानात निर्माण झालेल्या अडचणी स्पष्ट करणे.
३) कायदेशीर बंदीचा या पिकाविषयीच्या शास्त्रीय ज्ञानावर झालेला परिणाम तपासणे.

लक्षणापासून कारणाकडे

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० मध्ये खनिज-पोषणाचा सिद्धान्त मांडला. जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असते, तेच वाढीची मर्यादा ठरवते, हे तत्त्व त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले; मात्र कार्ल श्प्रेंगेल यांनी ते त्यांच्यापूर्वीच मांडले होते. याच दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्रिस यांनी पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाचे क्षार देऊन पाने पुन्हा हिरवी करून दाखविली. लक्षण, त्याचे अनुमानित कारण आणि उपायाने झालेली खातरजमा हे निदानाचे तीनही टप्पे या प्रयोगात एकत्र आले.

१८६० च्या सुमारास युलियस झाक्स व विल्हेल्म क्नोप यांनी मातीविना, केवळ क्षारांच्या द्रावणात रोपे वाढविली. त्यामुळे द्रावणातून एकच मूलद्रव्य वगळून त्याचा परिणाम पाहणे शक्य झाले. विसाव्या शतकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेनिस होगलंड व डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेले पोषणद्रावण प्रयोगशाळांमध्ये प्रमाण मानले गेले. १९३९ मध्ये आर्नन व स्टाउट यांनी मूलद्रव्याच्या आवश्यकतेचे निकष निश्चित केले. इंग्लंडमधील लाँग ॲश्टन संशोधन केंद्रातील टी. वॉलेस यांनी १९४३ मध्ये रंगीत चित्रांसह लक्षणसंग्रह प्रसिद्ध केला. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही वनस्पतीत सहज हलणारी द्रव्ये असल्याने त्यांची उणीव प्रथम जुन्या पानांवर दिसते. कॅल्शियम, लोह व बोरॉन यांची उणीव नव्या वाढीवर दिसते. निदानाचा हा मूलभूत नियम आजही वापरला जातो.

या नियमाची मर्यादा भारतातही प्रत्ययास आली. तराई भागातील भातपिकाची पाने तांबूस-तपकिरी करणारा ‘खैरा’ हा विकार रोग म्हणूनच ओळखला जात होता. पंतनगर येथील वनस्पतिरोगतज्ज्ञ य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये तो जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, असे दाखवून दिले. केवळ पानावरचा डाग पाहून रोग आणि उणीव यांत भेद करता येत नाही, हे या उदाहरणाने स्पष्ट होते.

कोकोपीट : निष्क्रिय न राहणारे माध्यम

नारळाच्या सोडणापासून काथ्या काढल्यानंतर उरणारा भुसा केरळ व श्रीलंकेत दीर्घकाळ टाकाऊ मानला जात होता. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील बागायतदारांनी तो वापरला होता. परंतु त्याचा मोठा प्रसार १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झाला. युरोपातील पीट-दलदलींच्या ऱ्हासामुळे पर्यायी माध्यमाची गरज भासू लागली होती. महाराष्ट्रातील रोपवाटिका व हरितगृहे यांतही आज कोकोपीट परिचित आहे.

झाक्स यांच्या पाण्यात किंवा प्रयोगशाळेतील शुद्ध वाळूत अन्नद्रव्यांचे प्रमाण प्रयोगकर्ता ठरवितो. कोकोपीटचे तसे नाही. त्याच्या कणांवर धनभारित आयन धरून ठेवणाऱ्या जागा असतात. भुशात नैसर्गिकरीत्या पालाश भरपूर असते. खाऱ्या पाण्यात सोडणे कुजविली असल्यास सोडियम व क्लोराइडही वाढतात. अशा भुशात कॅल्शियम व मॅग्नेशियमयुक्त द्रावण दिले असता कण ही द्रव्ये धरून ठेवतात व त्यांच्या बदल्यात पालाश आणि सोडियम सोडतात. म्हणजेच द्रावण परिपूर्ण असूनही मुळांपर्यंत पोहोचणारा आहार वेगळाच असतो. शिवाय पालाशाचे आधिक्य मॅग्नेशियमच्या शोषणात अडथळा आणते. यामुळेच भुसा आधी धुऊन कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजविण्याची प्रक्रिया रूढ झाली.

निदानातील घोटाळा येथूनच सुरू होतो. जुन्या पानाच्या शिरांमधील भाग पिवळा पडला, तर मॅग्नेशियमची उणीव संभवते. नव्या पानावर तसाच पिवळेपणा आला, तर लोहाची. परंतु लोह माध्यमात उपस्थित असूनही सामू वाढल्यामुळे अनुपलब्ध असू शकते. अशा वेळी उत्पादक अधिक खत देतो. क्षार साठतात, पानांची टोके करपतात आणि ही करपही नव्या उणिवेचे चिन्ह समजली जाते. मूळ दोष उणिवेचा होता की उपायाचा, हे पानावरून मग सांगता येत नाही. त्यासाठी दिलेल्या व कुंडीतून निथळलेल्या द्रावणाचा सामू व विद्युतवाहकता मोजणे आणि पानांचे रासायनिक पृथक्करण करणे आवश्यक ठरते.

बंदी आणि ज्ञानाची पोकळी

टोमॅटो, ऊस किंवा भात यांच्या लक्षणांचे संग्रह शासकीय संशोधन केंद्रांनी तयार केले. कॅनाबिसच्या वाट्याला हे आले नाही. अमेरिकेत १९३७ च्या करविषयक कायद्याने व पुढे १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने त्याची लागवड व्यवहारतः बंद झाली. १९६८ पासून अनेक दशके मिसिसिपी विद्यापीठ हेच संशोधनासाठी संघराज्य शासनाने मान्य केलेले एकमेव लागवड केंद्र होते. दरम्यान लागवड बंदिस्त खोल्यांत गेली. १९८९ मध्ये अमेरिकी अंमलबजावणी यंत्रणेने ‘ऑपरेशन ग्रीन मर्चंट’ या मोहिमेद्वारे मातीविना शेतीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांनाही लक्ष्य केले.

परिणामी निदानाचे ज्ञान हस्तपुस्तिका व अनुभव यांच्या आधारे वाढत राहिले. त्यात निरीक्षण भरपूर होते. मात्र तुलनेसाठी ठेवलेले नियंत्रण-रोप, पानांचे पृथक्करण आणि चुकीचे निदान जाहीरपणे खोडून काढण्याची व्यवस्था नव्हती.

कायदा बदलल्यावर हे चित्र पालटू लागले. कॅनडात परवानाधारक वैद्यकीय उत्पादन सुरू झाल्यानंतर ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी काथ्याधारित दोन माध्यमांतील खतमात्रेचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथे कॅनाबिस कायदा अमलात आला. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने अल्पमादक हेम्प नियंत्रित पदार्थांच्या यादीतून वगळला. २०१९ मध्ये उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी सिलिका वाळूत रोपे वाढवून, होगलंड यांच्या द्रावणाच्या सुधारित रूपातून एकेक द्रव्य वगळून, लक्षणांच्या अवस्था व पानांतील प्रमाण नोंदविले. वॉलेस यांच्या संग्रहानंतर तब्बल ७६ वर्षांनी या पिकाला अशी पद्धतशीर नोंद मिळाली.

तथापि हा अभ्यास वाळूतील आहे, हे विसरता येत नाही. त्यातून एका द्रव्याच्या अभावाचे शुद्ध चित्र मिळते. कोकोपीटमध्ये मात्र अभाव, आयन-विनिमय, सामू आणि क्षारसंचय एकाच पानावर एकत्र उमटतात. त्यामुळे वाळूतील चित्रसंग्रह जसाच्या तसा लागू केल्यास जुनीच चूक नव्या आधाराने होण्याचा संभव आहे.

निष्कर्ष

१) पानावरील लक्षण ही महत्त्वाची साक्ष आहे, परंतु माध्यम व द्रावण यांची तपासणी केल्याखेरीज ती निर्णायक ठरत नाही.

२) मातीविना शेतीने एकेका अन्नद्रव्याचा परिणाम वेगळा काढून दाखविला; कोकोपीटने माध्यमाचा प्रश्न पुन्हा पुढे आणला.

३) बंदीमुळे लागवड थांबली नाही, तिच्याविषयीचे ज्ञान तपासणीच्या कक्षेबाहेर गेले. भारतात १९८५ च्या कायद्याने गांजाच्या लागवडीवर कडक निर्बंध आहेत व त्यांच्या युक्तायुक्ततेचा विचार येथे अभिप्रेत नाही. मात्र एखादे पीक विद्यापीठाबाहेर राहिले की त्याविषयीच्या चुकाही तपासणीविना टिकून राहतात, ही बाब लक्षणीय आहे.

४) महाराष्ट्रातील हरितगृहांतही कोकोपीट वापरले जात असल्याने, खताची मात्रा वाढविण्यापूर्वी निथळलेल्या द्रावणाचे मापन करण्याचा धडा येथील फुले व भाजीपाला उत्पादकांनाही तितकाच उपयुक्त आहे.