ॲस्ट्रोसॅटच्या दुर्बिणीचे सुवर्णलिप्त आरसे : त्यांच्या साक्षीची पारख

जुनी पोथी हातीं आली असतां प्रथम नकलकाराचें वळण व त्याचे नेहमींचे प्रमाद ओळखावे लागतात. एरव्हीं त्याच्या लेखणीची चूक मूळ ग्रंथकाराच्या माथीं बसते. हाच न्याय अंतराळांतील दुर्बिणींसही लागूं पडतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

क्ष-किरण आरशावर सरळ पडल्यास शोषले जातात. पृष्ठास जवळ जवळ घासून गेले तरच परततात. या तत्त्वावर हान्स वोल्टर यानें १९५२ सालीं दोन आरशांची रचना प्रसिद्ध केली. पुढें १९७३-७४ सालीं स्कायलॅबवरून अशाच तिरप्या आरशांनीं सूर्याचीं क्ष-चित्रें घेण्यांत आलीं. महाराष्ट्राचा या परंपरेशीं संबंध मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेमुळें आला. तिनें सिद्ध केलेली मृदु क्ष-किरण दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजीं भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाबरोबर अंतराळांत गेली. ती सूर्यासाठीं नव्हे, दूरच्या ज्योतींसाठीं होती. आरशांचें तत्त्व मात्र तेंच.

तिच्यांत एकांत एक अशीं ४० वेष्टनें असून एकंदर आरसे ३२० आहेत. गुळगुळीत कांचेच्या साच्यावर सोन्याचा थर चढवून तो ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर उतरविला गेला. असा आरसा किती किरण परत पाठवितो, हें किरणांच्या ऊर्जेवर, कोनावर व पृष्ठाच्या खडबडीतपणावर अवलंबून असतें. २.२ सहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपास सोन्याचे अणूच किरण अधिक शोषूं लागतात व वर्णपटांत एकाएकीं उतार पडतो. तो ताऱ्याचा गुण नव्हे, आरशाच्या सोन्याचा आहे.

कॅमेऱ्यांत किरणोत्सर्गी लोह-५५ ठेविलें होतें; परंतु त्याचे किरण आरशांवरून येत नसल्यामुळें त्यायोगें संवेदकाचीच पारख होई. आरशांसाठीं क्रॅब तेजोमेघाची साक्ष घेण्यांत आली. १०५४ सालीं चिनी ज्योतिष्यांनीं ज्या स्फोटाची नोंद केली, त्याचाच हा अवशेष होय. पण हा साक्षीदारही सर्वस्वी अचल नाहीं. अधिक ऊर्जेच्या क्ष-किरणांत त्याचें तेज २००८ ते २०१० या काळांत सुमारें ७ टक्के घटल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणून एकाच साक्षीवर न विसंबतां प्रयोगशाळेंतील मोजणी व अन्य ज्योती ताडून पाहाव्या लागतात.

तात्पर्य, निरीक्षण व पारखीची नोंद हीं एकमेकांपासून तोडतां येत नाहींत. निष्कर्षांचे अंक छापले जातात. आरसे मोजतांना लिहिलेलीं टिपणें मात्र रद्दींत जाण्याचा संभव मोठा. मुंबईपासून विष्णुपुरीच्या विद्यापीठापर्यंत जेथें जेथें असे वर्णपट वाचले जातील, तेथें हीं टिपणेंही हाताशीं असावींत. पोथ्या व दफ्तरें ज्या निष्ठेनें जपलीं जातात, त्याच निष्ठेनें प्रयोगशाळांच्या वह्याही जपाव्या, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे.