संत मत्तयाचे पाऊल

बरोक चित्रांतील संतांच्या देहांविषयी लिहिताना ‘वास्तववाद’ आणि ‘बंडखोरी’ हे शब्द सहसा जोडीने येतात. काराव्हाज्जोने संतांना रस्त्यावरच्या माणसांचे देह दिले आणि धर्मसत्ता दुखावली, असा तो सांगण्याचा क्रम. रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमधल्या वेदीचित्राची हकीकत मात्र इतकी सरळ नाही.

देवदूताच्या प्रेरणेने शुभवर्तमान लिहिणारा संत मत्तय, हा विषय काराव्हाज्जोकडे १६०२ साली आला. त्याच्या पहिल्या चित्रात टक्कल पडलेला, धिप्पाड म्हातारा खुर्चीत बसला आहे. पिंढऱ्या उघड्या, पायावर पाय, कपाळावर आठ्या. ग्रंथात हिब्रू अक्षरे उमटत आहेत, आणि पंतोजीने पोराचा हात धरून धुळाक्षरे गिरवून घ्यावीत तसा देवदूत त्याचा हात चालवतो आहे. वास्तविक मत्तय जकातदार. म्हणजे हिशेब जाणणारा, लिहिता माणूस. त्याला अडाण्यासारखे रंगवण्यात बंडखोरी नाही, उलट निखळ धर्मविचार आहे : शब्द ईश्वराचे, माणसाचा केवळ हात. हे त्या जाडजूड बोटांइतके स्पष्ट एखाद्या प्रवचनाने केले असेल, असे मला वाटत नाही.

अडचण होती ती पावलाची. ते चित्रातून थेट बाहेर येते. खाली मिस्साच्या वेळी पुरोहित पवित्र भाकर उंचावणार, तर समोर हे अनवाणी पाऊल! १५६३ च्या ट्रेंट धर्मपरिषदेच्या आदेशानुसार चित्राने सामान्य भाविकाला शिकवायचे होते, हलवायचे होते आणि औचित्यही सांभाळायचे होते. या दोन अपेक्षा त्या पावलापाशी एकमेकींना आडव्या आल्या.

पुरोहितांनी ते चित्र उतरवले, असे बेल्लोरी १६७२ मध्ये, म्हणजे तब्बल सत्तर वर्षांनी लिहितो. चित्र मुळात तात्पुरतेच लावले होते, असेही काही अभ्यासक मानतात. ते विकत घेतले विन्चेन्झो जुस्तिनियानी या सावकाराने, ज्याचा सख्खा भाऊ कार्डिनल होता. तेव्हा ‘चर्च विरुद्ध चित्रकार’ हे चित्र इथे टिकत नाही.

त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या चित्रात मत्तय लेखणी स्वतः चालवतो. देवदूत वरून बोटे मोजत मुद्दे सांगतो. डोक्यामागे बारीक प्रभावलय आहे. पावले मात्र अनवाणीच. आणि गंमत अशी, की पावलाऐवजी आता कलंडलेल्या बाकाचा पाया वेदीकडे झुकला आहे! चित्र देखणे खरे, पण अक्षरासाठी धडपडणारा तो म्हातारा त्यात नाही.

जुस्तिनियानी संग्रहातून पहिले चित्र १८१५ मध्ये बर्लिनकडे गेले आणि मे १९४५ मध्ये, सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या फ्रीड्रिशहाइनच्या बुरुजाला लागलेल्या आगीत नष्ट झाले. आज त्याची काळीपांढरी छायाचित्रे तेवढी आहेत. त्या पावलाच्या कातडीचा रंग त्यांत नाही.