शत्रूच्या तोंडचा शब्द

लढाई संपते, तह होतात, तहांचे कागदही कसरीच्या तोंडी जातात. पण लढाईने भाषेत टाकलेला शब्द सहसा मरत नाही.

आमच्या लोधीखेड्यासारख्या गावी कीर्तनाच्या उत्तररंगात सिंहगडाचे आख्यान लागले, की श्रोते एका प्रसंगाची वाट पाहत असतात. 1670 साली कोंढाण्यावर तानाजी पडला, मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापल्याचे सांगून त्यांना माघारी वळवले, अशी ती परंपरागत कथा. नोकरी सोडून दुकान थाटणारा गृहस्थही आज ‘परतीचे दोर कापले’ असे सहज म्हणतो.

नवल असे की, चिनी भाषेतही याच अर्थाचा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे : ‘हंडे फोडणे, नावा बुडवणे’. ख्रिस्तपूर्व 207 मध्ये छू देशाचा सेनापती शियांग यू याने नदी ओलांडताच नावा बुडवल्या, स्वयंपाकाचे हंडे फोडले आणि केवळ तीन दिवसांच्या शिध्यावर जूलूची लढाई जिंकली.

पुढे ख्रिस्तपूर्व 202 मध्ये हाच वीर वेढ्यात सापडला. रात्री शत्रूच्या छावणीतून त्याच्याच मुलखाची गाणी ऐकू येऊ लागली. आपला देश शत्रूने घेतला की काय, अशा शंकेने त्याचा धीर खचला. चहूकडून वैऱ्यांनी घेरलेल्या माणसाविषयी चिनी लोक अजूनही ‘चारी दिशांना छूची गाणी’ असे म्हणतात.

आपला शब्द परक्याच्या तोंडून ऐकण्याचा प्रसंग आपल्यावरही आलेला आहे. मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. आमचा सौसर-पांढुर्ण्याचा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्याच रघूजी भोसल्यांच्या फौजा 1742 पासून बंगालवर चालून गेल्या. 1744 मध्ये अलीवर्दीखानाने भास्करराम कोल्हटकरांना बोलणीच्या मिषाने बोलावून ठार केले. तो विश्वासघात आपण विसरलो नाही. 1751 च्या तहाने बंगालची 12 लाखांची चौथाई ठरली, तीही आपण अभिमानाने सांगतो.

बंगालने मात्र निराळेच लक्षात ठेवले. तिथे बारगीराचा ‘बर्गी’ झाला, आणि बर्गी आल्याची धास्ती आईच्या अंगाईत जाऊन बसली. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या त्याच काळातील बंगाली काव्यात जाळलेल्या गावांचे आणि पळत सुटलेल्या रयतेचे वर्णन आहे. पोथीच्या नावात ‘महाराष्ट्र’ आहे, आणि आत त्याच्या नावाने फोडलेला टाहो आहे.

‘गनीम’ या अरबी शब्दाची गतही पाहण्याजोगी आहे. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत, मराठे मोगलांना गनीम म्हणत. एकच शब्द दोन्ही छावण्यांत समोरच्याकडे बोट दाखवी. पुढे ‘गनिमी कावा’ हे तर आपले भूषणच ठरले.

वकिलीने मला एक गोष्ट शिकवली : उलटतपासणी न झालेल्या साक्षीवर निकालाची इमारत उभारू नये. वाक्प्रचार ही इतिहासाची साक्षच होय, पण ती बहुधा एका पक्षाची असते. सिंहगडाच्या आख्यानाने आपला ऊर भरून यावा, त्यात काही वावगे नाही. मात्र देवळातून घरी परतताना, आपल्याच बारगीराच्या नावाने जिथे लेकरे भिऊन निजली, त्या घरांचीही आठवण ठेवावी.