इतिहासाची सामाईक प्रश्नपत्रिका



आंतरराष्ट्रीय शाळांच्या सहकार्याची कथा विश्वबंधुत्वाच्या ध्येयापासून सांगण्याचा प्रघात आहे. मला ती परीक्षेपासून सांगावीशी वाटते; शाळामास्तरांच्या अडचणी बहुधा तेथेच उघड्या पडतात.

राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांतील अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. मुले एका बाकावर वाढत. परंतु अखेरच्या वर्षांत कोणी फ्रान्सच्या बाकालोरेआकडे, कोणी इंग्लंडच्या परीक्षेकडे, कोणी अमेरिकेतील महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेकडे वळे. वर्गाचे राष्ट्रवार तुकडे पडत. इतके अभ्यासक्रम एकाच वेळी चालविणे लहान शाळेस झेपणारे नव्हते. आणि एकट्या शाळेचे प्रमाणपत्र कोणते विद्यापीठ मानणार?

१९५१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शाळा संघाने पुढे हे काम अंगावर घेतले. १९६२ मध्ये जिनिव्हास सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद भरली व तीतून सामाईक परीक्षेचा विचार पुढे आला. प्रारंभी विषय कोणता घ्यावा? समकालीन इतिहास! गणितापासून आरंभ केला असता तर वाद पुष्कळ टळले असते. १९५६ चे सुएझ प्रकरणच घ्या. लंडन, पॅरिस आणि कैरो येथील शिक्षकांनी त्यावर एकच प्रश्न काढावयाचा आणि एकाच मापाने गुण द्यावयाचे, म्हणजे आपल्या देशाचे पाठ्यपुस्तक क्षणभर मिटूनच ठेवावे लागते. तरीही १९६३ मध्ये या विषयाची प्रायोगिक परीक्षा झाली. माझ्या मते या चळवळीतील सर्वांत धाडसाचे पाऊल तेच होय.

पुढचा मार्ग पैशाचा व पत्रव्यवहाराचा. फोर्ड फाउंडेशनसारख्या संस्थांनी द्रव्यसाहाय्य केले. १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संघटना जिनिव्हा येथे रीतसर स्थापन झाली आणि अलेक पीटरसन तिचे पहिले महासंचालक झाले. मान्यता मात्र देशोदेशींच्या विद्यापीठांकडून एकेक करूनच मिळवावी लागली.

आपल्याकडे कोडाईकनालच्या शाळेने १९७६ मध्ये हा अभ्यासक्रम स्वीकारला. १९९७ मध्ये पुण्यानजीक मुळशी तालुक्यात महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. अशा बहुतेक शाळांचे शुल्क सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे असते, हे शल्य उरतेच. परंतु महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा राखणाऱ्या आपल्यासारख्यांनी या अभ्यासक्रमातील एक तरतूद अवश्य पाहावी. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला, तरी मातृभाषेतील वाङ्मय स्वतः अभ्यासून त्याची परीक्षा देण्याची सोय तीत विद्यार्थ्यास ठेवण्यात आली.