स्नीकर्स घातलेला संत: कार्लो अकुतिस कोण होता आणि चर्चला तो इतक्या लवकर का हवा होता?

इटलीत असिसी नावाचं गाव आहे. तिथल्या एका चर्चमध्ये काचेआड एका मुलाचा देह ठेवलाय. अंगात ट्रॅकसूटचं जॅकेट, खाली जीन्स, पायात नाइकीचे स्नीकर्स आणि हातात जपमाळ. हा फोटो तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेला असेल.

हा कार्लो अकुतिस. २००६ साली, पंधराव्या वर्षी तो रक्ताच्या कॅन्सरने गेला. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनमध्ये त्याला संत घोषित केलं. मिलेनियल पिढीतला तो पहिला कॅथलिक संत. आपल्या पोटच्या मुलाला संत घोषित होताना बघायला आईवडील समोर हजर आहेत, असं चर्चच्या इतिहासात फार क्वचित घडलंय.

१९ वर्षांत संतपद म्हणजे किती घाई, हे समजायला वसईचं उदाहरण घ्या. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर मारले गेले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांना संत घोषित केलं गेलं १८६२ मध्ये. मधे २६५ वर्षं गेली.

मग या पोराच्या बाबतीत एवढी घाई कशाला?

आधी पोरगा कसा होता ते बघू

जन्म ३ मे १९९१, लंडनचा. वाढला मात्र मिलानमध्ये. घर श्रीमंत, धंदा विम्याचा. घरात धार्मिक वातावरण म्हणावं तर तेही नाही. त्याच्या आईनेच अनेकदा सांगितलंय, की कार्लो व्हायच्या आधी आपण चर्चमध्ये हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच वेळा गेलो होतो. म्हणजे आपल्याकडे आजी नातवाला बोट धरून देवळात नेते, तसा प्रकार इथे नव्हता. इथे पोरगाच आईला ओढून चर्चमध्ये नेत होता, प्रश्न विचारून भंडावत होता, आणि उत्तरं देता यावीत म्हणून आईला धर्माचा अभ्यास करावा लागला.

सातव्या वर्षी त्याने पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला आणि त्यानंतर तो रोज मिस्सेला जायला लागला. रोज रोझरी, नियमित पापनिवेदन. बाकी मग प्लेस्टेशन, फुटबॉल, कुत्री-मांजरं, मित्र. प्लेस्टेशनला आठवड्यातून एकच तास, हे बंधन त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतलं होतं, असं घरचे सांगतात. (हे वाचून आपला स्क्रीन टाइम तपासायची इच्छा झाली तर दोष आमचा नाही.)

कॉम्प्युटरमध्ये डोकं चांगलं होतं. पुस्तकं आणून तो स्वतःच प्रोग्रामिंग शिकला. त्या जोरावर त्याने जे केलं, त्यामुळे आज जग त्याला ओळखतं: ख्रिस्तप्रसादाशी जोडलेल्या चमत्कारांची एक वेबसाइट.

ख्रिस्तप्रसाद म्हणजे नेमकं काय?

मिस्सेत धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारसावर प्रार्थना करतात. त्यानंतर ती भाकर खरोखर येशूचं शरीर होते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. हे नुसतं प्रतीक आहे असं ते मानत नाहीत. चर्चची ही अगदी गाभ्यातली शिकवण, आणि आजच्या माणसाला पटायला बहुधा सगळ्यात अवघड. इटलीत चर्चला जाणाऱ्यांची संख्या गेली कित्येक दशकं घसरतेय. तरुणांना आणायचं तर काय करायचं, यावर तिथे बरीच डोकेफोड झालीय. गिटार वाजवून बघितली, कॅम्प घेतले, भाषा सोपी केली. अवघड शिकवणीबद्दल मात्र शक्यतो हळू आवाजात बोलायचं, असाही एक कल होता.

कार्लोने उलटं केलं. त्याने सगळ्यात अवघड गोष्टच निवडली. भाकरीतून रक्त आल्याच्या, भाकरीचं मांस झाल्याच्या वेगवेगळ्या देशांतल्या शंभराहून जास्त कथा त्याने गोळा केल्या. शक्य तिथे आईवडिलांसोबत प्रत्यक्ष जाऊन आला. फोटो, नकाशे, माहिती असं सगळं साइटवर मांडलं. त्याचंच पुढे फिरतं प्रदर्शन झालं आणि ते जगभरातल्या चर्चमध्ये लागलं.

चर्चच्या लक्षात आलं ते हेच. या मुलाने शिकवणीत काना-मात्रेचाही फरक केला नव्हता. बदललं होतं ते फक्त ती पोचवायचं साधन. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये तरुणांसाठी काढलेल्या पत्रात त्याचं नाव घेतलं, आणि तेही एका खास मुद्द्यासाठी: जाहिराती आणि सोशल नेटवर्क माणसाला कसं गुंगवतात, विकत घ्यायची चटक कशी लावतात, हे या मुलाला कळलं होतं, तरी त्याने तेच साधन सुवार्तेसाठी वापरलं.

पुढची प्रक्रिया ठरलेलीच. २०१८ ला 'वंदनीय'. मग ब्राझीलमधल्या एका लहान मुलाचा स्वादुपिंडाचा जन्मजात दोष बरा झाला, तो चमत्कार धरून २०२० ला 'धन्य'. फ्लॉरेन्समध्ये सायकलवरून पडून डोक्याला गंभीर मार लागलेली कोस्टा रिकाची एक विद्यार्थिनी वाचली, तो दुसरा चमत्कार. संतपदाचा सोहळा खरं तर २७ एप्रिल २०२५ ला होता, पण २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले आणि तो पुढे ढकलला गेला.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता अडचणीची बाजू

पहिली अडचण त्या देहाचीच. फोटो व्हायरल झाले तसं 'बघा, इतकी वर्षं झाली तरी देह जसाच्या तसा' असे मेसेज फिरायला लागले. असिसीच्या चर्चलाच मग सांगावं लागलं, की बाबांनो, तसं काही नाही. देह नेहमीसारखाच झिजला होता आणि चेहऱ्यावर सिलिकॉनचं काम केलंय. २०२५ मध्ये तर त्याचे केस म्हणून काहीतरी ऑनलाइन लिलावात विकायला आलं आणि तिथल्या बिशपना तक्रार करावी लागली.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. कार्लोने परंपरा जशी मिळाली तशी उचलली, आणि परंपरेत सगळंच स्वच्छ नसतं. त्याच्या संग्रहात ब्रसेल्सची १३७० ची कथा आहे: ज्यूंनी पवित्र भाकर चोरून तिला सुरे भोसकले आणि तिच्यातून रक्त आलं. या आरोपापायी तेव्हा तिथल्या ज्यूंना जाळून मारलं होतं. आरोप खोटा होता, हे पुढे ब्रसेल्सच्या चर्चनेच मान्य केलं आणि १९७७ मध्ये तिथल्या कॅथेड्रलमध्ये तसा फलकही लावला. बारा-तेरा वर्षांच्या पोराला हे कळलं नाही यात त्याचा दोष काढता येणार नाही. पण त्याच्यानंतर ते प्रदर्शन देशोदेशी नेणारे सगळे मोठे होते. जुनं ते नव्या पिढीच्या हाती द्यायच्या आधी एकदा निवडून घ्यायचं काम त्यांचं होतं.

तिसरी गोष्ट बुटांची. कार्लोचा देह ज्या चर्चमध्ये आहे, ती जागा संत फ्रान्सिस यांच्या आठवणीची. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या या मुलाने आठशे वर्षांपूर्वी अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली केले आणि गरिबी पत्करली. त्या जागी आज सगळ्यात जास्त फोटो निघतात ते एका ब्रँडच्या बुटांचे. वास्तविक कार्लो खाऊचे पैसे साठवून मिलानच्या रस्त्यावर झोपणाऱ्यांना स्लीपिंग बॅग नेऊन द्यायचा, जेवण पोचवायचा. रील्समध्ये मात्र कॉम्प्युटर आणि स्नीकर्सच जास्त दिसतात.

७ सप्टेंबरला त्याच चौकात आणखी एक तरुण संत झाला, हे कितीजणांना माहीत आहे? पिएर जोर्जो फ्रासाती. तुरिनच्या एका मोठ्या वर्तमानपत्राच्या मालकाचा मुलगा, पक्का गिर्यारोहक, मुसोलिनीच्या फॅसिस्टांचा विरोधक. १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. मरणाच्या आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने मित्राला चिठ्ठी लिहिली, की अमुक गरीब माणसाची इंजेक्शनं पोचवायची राहिलीत. त्याच्या अंत्ययात्रेला तुरिनच्या गरीब वस्त्यांतली माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिली, आणि आपला मुलगा इतकी वर्षं कुठे जायचा, हे घरच्यांना त्या दिवशी कळलं.