महाद्वार रोडवरचा डॉल्बी

कोल्हापूरला नाइटक्लबचं शहर कोणी म्हणणार नाही. तरीही यंत्रांवर घडवलेल्या नाचाच्या संगीताची इथे स्वतःची जागा आहे, हक्काचा श्रोता आहे आणि गेल्या पाव शतकाचा इतिहासही आहे. मिरजकर तिकटीपासून बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश आणि तिथून पुढे जाणारा विसर्जन मार्ग ही ती जागा. अनंत चतुर्दशीला सकाळी तुकाराम माळी तालीम मंडळाच्या मानाच्या गणपतीने सुरू झालेली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तिच्यातल्या डॉल्बीबद्दल, म्हणजे ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीबद्दल, दोनच मतं कानावर येतात. परंपरेवर आलेली ही परकी धाड आहे, असं एक. आणि हा पोरांचा हक्क आहे, असं दुसरं. इतिहास पाहिला तर दोन्ही अपुरी ठरतात. डॉल्बी तालमींच्या जुन्या ईर्षेतूनच आला. मात्र येताना त्याने त्या ईर्षेचं माप बदलून टाकलं, आणि आजच्या सगळ्या भांडणाचं मूळ त्या मापात आहे.

तालीम म्हणजे कोल्हापुरात नुसता आखाडा कधीच नव्हता. राजर्षी शाहूंच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, पेठापेठांतल्या तालमींना बळ मिळालं, १९१२ मध्ये खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पुढे याच तालमी गणपती बसवू लागल्या, फुटबॉलचे संघ उतरवू लागल्या. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाळ, खंडोबा ही नावं शाहू स्टेडियमवर ज्या चुरशीने घेतली जातात, तीच चुरस मिरवणुकीत उतरते. लेझीम कुणाचं नेटकं, मर्दानी खेळात कुणाचा पोरगा सरस, हे पेठ वर्षभर बोलत असे. या स्पर्धेला शरीराची मर्यादा होती. हलगीचंच बघा. खांद्याला अडकवलेली, एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. भाद्रपदातल्या दमट हवेत चामडं सैल पडतं, मग वाजवणारा बाजूला होऊन कागद-काटक्या पेटवतो, हलगी शेकतो, बोटाने टिचकी मारून पाहतो आणि कडक आवाज निघाला की परत घुमकं-कैताळाच्या साथीला उभा राहतो. हात भरून आले की थांबावंच लागतं. हलगीवाल्याला जास्त पैसे देऊन तिचा आवाज दहापट करता येत नव्हता. आणि हेही विसरू नये की हलगी वाजवणं पिढ्यान्‌पिढ्या दलित समाजाच्या वाट्याला टाकलेलं काम होतं; वाजवणारा एक आणि मिरवणारा दुसरा, अशी ती वाटणी होती. जुन्या वाद्यांचे गोडवे गाणारे ही बाजू सहसा सांगत नाहीत.

मिरवणुकीच्या वाद्यांत वीज एका दमात आली नाही. आधी बेंजो आला. किल्ल्या दाबून तारा छेडायचं ते वाद्य अॅम्प्लिफायर लावून ट्रॉलीवर चढलं आणि त्याच्या जोडीला कीबोर्ड आला. रोलँड कंपनीने १९८५ मध्ये काढलेला ऑक्टोपॅडही ऑर्केस्ट्रांप्रमाणेच बेंजो पार्ट्यांनी आपलासा केला. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही रोलँडची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. ती रेकॉर्ड तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जग चकित झालं. स्टुडिओतला तो प्रयोग रस्त्यावर पोचला नाही, रस्त्याने आपली वाट स्वतः काढली. बेंजो पार्टीत वाजवणारा माणूस तरी समोर दिसायचा. डॉल्बीत तो मिक्सरमागे गेला, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खाली बेस, वर टॉप अशी स्पीकरची भिंत उभी राहिली. या भिंतीतून काय वाजतं ते ऐकण्यासारखं आहे. ‘हलगी मिक्स’ या नावाने फिरणाऱ्या ट्रॅकमध्ये हलगीचा कडक ठेका वर राहतो आणि खालून बेस त्याला उचलतो. परक्या धाडीने हलगी पुसून टाकली असती. इथे ती मिक्सच्या मध्यभागी आहे. शिवजयंती आणि भीमजयंतीच्या मिरवणुकांनीही आपापली गाणी याच ठेक्यावर आणली. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्यांसाठी हलगी वाजवली, त्यांची नातवंडं आता आपल्या मिरवणुकीत नाचतात, हा बदल किरकोळ नाही.

जगात याच्याशी जवळचं नातं सांगणारी जागा मँचेस्टरचा हॅसिएंडा किंवा शिकागोचा वेअरहाऊस असा नाइटक्लब नव्हे. ती किंग्स्टन आहे. जमैकाच्या त्या राजधानीत १९५० च्या दशकात ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड यांच्यासारखे साउंड सिस्टीमवाले उघड्या जागेत स्पीकर रचून एकमेकांना आव्हान द्यायचे. तिथे भिंत मोठी असावी लागे, पण तेवढ्यावर भागत नसे. दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड आपल्याकडे असावी लागे. त्या गरजेतून त्यांनी स्वतः रेकॉर्डिंग सुरू केलं आणि जमैकाचं नवं संगीत जन्मलं. कोल्हापुरात चुरस आहे, भिंत आहे, मिक्स करणारी हुशार पोरं आहेत; पण पैज बहुतेक वेळा आवाजावरच लागते.

इथे विरोधकांचा आक्षेप पूर्ण मान्य करायला हवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, तर व्यापारी भागात ६५ आणि ५५ डेसिबलची मर्यादा घातली. दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते. म्हणजे ६५ ची मर्यादा आणि १०० चा आवाज यांत तीन हजारपटींहून जास्त अंतर पडतं. दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या महाद्वार रोडवर तो आवाज भिंतींवर आपटून परततो. वरच्या मजल्यावर तान्हं मूल असतं, हृदयरोगी असतो, त्यांना पर्याय नसतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये नको असलेला आवाज कुणाच्या घरात घुसवण्याचा हक्क कुणालाच नाही, अशी भूमिका घेतली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही विसर्जनासाठी डीजे-डॉल्बीला मोकळीक दिली नाही. हे योग्यच झालं. ‘दोन टॉप, दोन बेस’ तरी द्या, ही मंडळांची मागणी मला पटत नाही, कारण खोकी मोजून आवाज मोजला जात नाही.

मग बंदी पुरेशी का पडत नाही? कारण ती आवाजाला हात घालते, चुरशीला घालत नाही. पुढच्या मंडळापेक्षा आपण कमी पडायचं नाही, हे गणित तसंच राहतं. आवाज दाबला की ते लेसरकडे वळतं आणि लोकांचे डोळे दुखावतात. जो मोठं भाडं देईल तो जिंकेल, हे माप तालमींनी आपल्याच इतिहासाकडे बघून मोडायला हवं. कायद्याच्या मर्यादेत वाजवून मिक्स कुणाचा सरस, जिवंत हलगी आणि यंत्राचा मेळ कुणी घातला, यावर बक्षीस लावता येतं. देखाव्यांना बक्षिसं देणाऱ्या शहराला हे अवघड नाही. आणि ही मिक्स करणारी पोरं कोण, त्यांनी काय रचलं, कधी वाजलं, याची नोंदही कुणीतरी ठेवावी. १८८३ पासूनच्या देवल क्लब या संगीतसंस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या कोल्हापूरने रस्त्यावरच्या संगीताला दप्तराबाहेर ठेवू नये. येत्या अनंत चतुर्दशीला एखाद्या तालमीने ही सुरुवात करावी.