केहीमकर : एका आडनावाचा अर्थ

‘केहीमकर’ हे आडनाव ऐकताच मराठी मनुष्याला अलिबागजवळचे किहीम आठवेल; जेरुसलेम कोणालाही आठवणार नाही. तरीही बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर ज्यू होते. त्यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला हा इंग्रजी ग्रंथ छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीव येथे.

परंपरा सांगते की, नौगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझेकिएलचा हसाजी. आडनावे मात्र गावांनी दिली : रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहीमकर.

या ‘कर’ प्रत्ययाचा अर्थ ‘तेथील रहिवासी’ असा आपण सहज करतो. आम्हांला तो अपुरा वाटतो. खुद्द किहीमात कोणास किहीमकर म्हणण्याचे प्रयोजनच काय? तेथे सारेच किहीमचे. गाव सुटल्यावरच गावाचे नाव माणसाला चिकटते. अठराव्या शतकापासून ही मंडळी मुंबईस, कंपनीच्या पलटणींत जाऊ लागली. त्यांपैकीच सामाजी हसाजी दिवेकर. मुंबईतील पहिले सिनेगॉग त्यांनी १७९६ मध्ये बांधले.

दिवेकर हिंदूंतही आहेत. म्हणजे आडनाव गाव सांगते, धर्म सांगत नाही. तो सांगावा पहिल्या नावाने. ‘हाईम केहीमकर’ या दोन शब्दांत दोन्ही वारसे कोणतीही कुरबुर न करता शेजारी नांदतात.

ही शेजारनिष्ठा सर्वत्र मानली गेली नाही. १९४८ नंतर अनेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे १९६० नंतरच्या वर्षांत, इतर ज्यूंशी विवाह करताना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असे धर्मपीठाने ठरविले. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांनाच ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्राएली संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यूच असल्याचे जाहीर केले.

कोकणात मात्र त्यांना असा दाखला कोणी मागितला नव्हता. गावाने आपले नाव दिले आणि विषय संपविला. केहीमकर या आडनावाचा आम्हांला उमगलेला खरा अर्थ हाच आहे.